मोकळ्या प्लॉटवर चार महिन्यांचा मांडव: काम उतरवण्यापासून सुरू करा

मला येणाऱ्या बहुतेक फोनची सुरुवात सारखीच असते. ‘आमच्या गल्लीत एक प्लॉट वर्षानुवर्षं पडून आहे. तिथे सगळ्यांनी मिळून बांबूचं काहीतरी उभं करायचंय. डिझाइन द्याल का?’ डिझाइन देता येतं, त्याला दोन दिवस पुरतात. पण अशी कामं डिझाइनपायी अडलेली मी फारशी पाहिलेली नाहीत. कुठे मालकाचा वकील ऐनवेळी आडवा येतो, कुठे वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात कापड शेजारच्या गच्चीवर जाऊन पडतं. आणि कुठे सगळं उत्तम चालतं, फक्त उतरवायची वेळ आली की कोणी फिरकत नाही. कारण एकच: क्रम चुकलेला असतो.

इथे जो क्रम देतोय तो पुण्यासारख्या शहरातल्या खासगी किंवा सोसायटीच्या प्लॉटसाठी आहे. डोळ्यांसमोर सहा बाय नऊ मीटरचा, सहा खांबांचा बांबूचा मांडव धरलाय: दुपारी बायकांना बसायला, संध्याकाळी मुलांना अभ्यासाला, रविवारी एखाद्या कार्यक्रमाला. महापालिकेच्या मालकीची जागा पहिल्या खेपेला घेऊ नका. तिथे निर्णय एका टेबलावर होत नाही, आणि तुमचा मोसम फायलीतच संपतो.

## आधी कॅलेंडर

आपल्याकडे अशा मांडवाचा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो आणि एप्रिलच्या मध्याला संपतो. पावसाळ्याइतकीच, किंबहुना जास्त भीती वळवाची असते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी आभाळ भरून आलं की दहा मिनिटांत जो वारा सुटतो, तो हलक्या मांडवाचा खरा शत्रू.

उलटं मोजत या. १५ एप्रिलला सांगाडा खाली. कापड त्याच्या आठवडाभर आधी उतरलेलं. उभारणी डिसेंबरच्या मध्याला. अर्ज नोव्हेंबरच्या सुरुवातीला. अर्ज नोव्हेंबरच्या सुरुवातीला. मालकाशी बोलणं ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी. उभारणीला तीन-चार दिवस लागतात आणि तयारीला चार महिने. हे प्रमाण ऐकून ज्यांचा उत्साह मावळतो, त्यांचा मावळलेलाच बरा.

मांडववाल्यांचं वेळापत्रकही ध्यानात असू द्या. नवरात्र उठलं की त्यांचं सामान गोदामात येतं, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराईसाठी बाहेर पडतं. भाव आणि माणसं या मधल्या दिवसांतच ठरवा.

## टप्पा १: जागा कोणाची, ते कागदावर बघा

‘तो प्लॉट अमुक शेटचा आहे’ ही माहिती झाली, पुरावा नव्हे. सिटी सर्व्हे झालेल्या भागात प्रॉपर्टी कार्ड काढा, नाहीतर सातबारा. दोन्ही महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर दिसतात. मग महापालिकेच्या विकास योजना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. प्लॉटवर रस्तारुंदीची रेघ किंवा एखादं आरक्षण आहे का, हे त्यात कळतं.

कार्डावर एकापेक्षा जास्त नावं दिसली तर प्रत्येकाची सही लागेल असं धरून चाला. चार भावांपैकी तिघं हो म्हणाले आणि चौथा दुबईत आहे, ही परिस्थिती फार वेळा येते. कोर्टात वाद चालू असलेली जागा सरळ सोडून द्या. तिथे एक वासा रोवला तरी दोन्ही बाजूंचे वकील त्याचा अर्थ लावत बसतील.

थांबा: नगरसेवकाने किंवा भागातल्या भाऊंनी ‘करा बिनधास्त, मी आहे’ म्हटलं, तर आभार माना आणि पुढच्या टप्प्याला जा. तो शब्द परवानगीच्या जागी चालत नाही.

## टप्पा २: परतीचा कागद

सगळ्यात जास्त कामं इथे फिसकटतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

मालक नाही म्हणतो तो स्वभावाने वाईट असतो म्हणून नव्हे. त्याला दोन भीती असतात आणि दोन्हींना कायद्यात आधार आहे. पहिली कब्जाची. मालकाच्या इच्छेविरुद्ध, उघडपणे बारा वर्षं जमीन ताब्यात राहिली तर १९६३ च्या मुदत कायद्यानुसार मालकाचा ती परत मागण्याचा हक्क जाऊ शकतो. यावर तोडगा सोपा आहे: लेखी परवानगी. मालकाच्या परवानगीने वापरलेली जागा त्याच्याविरुद्धचा कब्जा ठरत नाही. म्हणजे कागद केल्याने मालकाचं नुकसान होत नाही, त्याचं संरक्षण होतं. हे त्याला समजावून सांगा. अनेक मालक नेमके उलट समजून चाललेले असतात.

दुसरी भीती कमी लोकांना माहीत असते, पण मालकाच्या वकिलाला ती नक्की माहीत असते. १८८२ च्या इझमेंट कायद्याचं कलम ६० सांगतं की परवानगी मिळालेल्या माणसाने त्या भरवशावर खर्च करून जागेवर कायम स्वरूपाचं काम केलं, तर मालकाला ती परवानगी मागे घेता येत नाही. आता लक्षात येईल की सिमेंटचा एक साधा कोबा का नको. आपण खांब खड्ड्यात काँक्रीट ओतून उभे करत नाही, दगडांच्या वजनाने धरतो. यात पर्यावरणाचा वगैरे विचार आहेच, पण पहिलं कारण हे. मालकाला रेखाचित्र दाखवताना सुंदर चित्र दाखवू नका. खांबाचं बूड दाखवा आणि म्हणा, ‘जमिनीत काहीही पुरलेलं नाही.’

करारात काय हवं:

- भाडेपट्टा नव्हे, वापराचा परवाना, असा स्पष्ट शब्द. सुरुवातीची आणि परतीची तारीख अंकी आणि अक्षरी.
- जमिनीत कायमचं काही बांधणार नाही, रात्री कोणी मुक्काम करणार नाही.
- फाटकाची एक चावी कायम मालकाकडे.
- मूर्ती, तसबीर, झेंडा, कोनशिला किंवा कोणाच्याही नावाची पाटी बसवली जाणार नाही.
- उतरवण्याचा खर्च आधीच वेगळ्या खात्यात ठेवला आहे, त्याची नोंद.

चौथ्या मुद्द्यावर सभेत कुरबूर होईल. होऊ द्या, पण मागे हटू नका. उत्सवात मूर्ती आली आणि विसर्जनाला गेली तर प्रश्नच नाही. पण कोपऱ्यात सहज ठेवलेल्या तसबिरीपुढे दिवा लागायला लागला की तो मांडव तात्पुरता राहत नाही. मग तो उतरवायला हात लावणारा माणूस गावात शोधून सापडत नाही. फ्लेक्सचंही तेच. एकाचा लागला की आठवड्यात दुसऱ्याचा लागतो.

मुद्रांक किती, नोंदणी हवी की नको, हे वकिलाला विचारा. करार व्यक्तीच्या नावाने करू नका. नोंदणीकृत सोसायटी, मंडळ किंवा न्यास हवा, ज्याच्या नावाने बँकेत खातं आहे.

तपासणी: करार झाल्यावर एक काम लगेच करा. प्लॉटच्या चारही कोपऱ्यांतून फोटो काढा आणि कोपऱ्यांवर खुणा ठेवा. परत देताना त्याच खुणांवर उभं राहून पुन्हा फोटो काढायचे आहेत.

## टप्पा ३: ‘मोकळा’ प्लॉट कोण कोण वापरतं

आपल्या शहरात मोकळा प्लॉट नावाची गोष्ट नसते. कुंपणाला भगदाड असतं, कारण ते कोणाला तरी हवं असतं.

सात दिवस, दिवसातून चार वेळा (सकाळी ७, दुपारी १२, ४ आणि रात्री ९) कोणीतरी वही घेऊन जायचं. कोण आहे, काय करतंय, कुठून आत आलं, एवढंच लिहायचं. दोन माणसांत पाळ्या वाटल्या तर जड जात नाही. एका ठिकाणी आम्ही ही वही ठेवली नव्हती. मांडव उभा राहिला तो नेमका टेनिस बॉलच्या पिचवर. पोरांनी भांडण केलं नाही. रोज संध्याकाळी एक सुतळी कापली. महिनाभर आम्ही उंदरांवर संशय घेत होतो.

वहीत बहुधा ही माणसं सापडतील: क्रिकेटवाली मुलं, वाळवणं घालणाऱ्या बायका, भंगार निवडणारी बाई, रात्री टेम्पो लावणारा, शॉर्टकट मारणारे, कुत्र्यांना खायला घालणाऱ्या आजी. यांतल्या प्रत्येकाशी सभेआधी बोला, सभेत नव्हे. भंगार निवडणारी बाई सभेला येणार नाही, आणि आली तरी बोलणार नाही. तिची जागा हलवायची असेल तर कुठे, हे तिनेच सांगायला हवं. तो टेम्पोवाला दुखावला तर तुमचं सामान कोण आणणार, हाही विचार करा.

याच आठवड्यात जमीन बघून घ्या. पहार मारून पाहा. सहज हातभर आत गेली तर तो राडारोड्याचा भराव आहे आणि त्यात खुंटी धरणार नाही. काळी माती असेल तर डिसेंबरात घट्ट वाटते, पण वाळत गेली की भेगा पडतात आणि खुंट्या सैल होतात. महावितरणची केबल, पाण्याची लाइन, गॅसची नळी कुठून गेली आहे ते विचारून घ्या. वर तारा असतील तर त्यांच्या खाली किंवा लगत काहीही उभारायचं नाही, यावर चर्चा नको.

थांबा: साफसफाईला लहान मुलांना बोलावू नका. अशा प्लॉटवर काचा, सुया, खिळे असतात, आणि डबराच्या ढिगात घोणससुद्धा असू शकते. मोठ्यांनी गमबूट आणि जाड हातमोजे घालून, ढीग आधी लांब काठीने हलवून काम करायचं. आणि राडारोडा फेकू नका. तो पुढे लागणार आहे.

## टप्पा ४: फक्कीची सभा

‘तुम्हाला इथे काय हवंय?’ हा प्रश्न विचारायचा नाही. उत्तरं मला पाठ आहेत: बाग, ओपन जिम, हॉल, मंदिर, पार्किंग. लोक चुकत नाहीत. असा प्रश्न विचारला की माणूस नगरसेवकाला सांगायची यादी सांगतो. त्याऐवजी विचारा: इथे तुम्ही किती वाजता येता, काय करता, कशामुळे थांबत नाही? मग ‘चारला ऊन तिरकं येतं’, ‘बसायला भिंतीला टेकायला काही नाही’, ‘रात्री या कोपऱ्यात अंधार असतो’ अशी उत्तरं येतात. मांडवाचा आराखडा यातूनच निघतो. तिरक्या उन्हाला पश्चिमेकडे आडोसा, भिंतीऐवजी टेकायला बांबूची आडी, कोपऱ्यात एक दिवा.

सभा ऑफिसात नको, प्लॉटवरच घ्या. आणि दोनदा घ्या. रविवारी सकाळी अकराला पुरुष येतात, बायका त्या वेळी ओट्याशी असतात. त्यांच्यासाठी दुपारी साडेतीनची वेगळी सभा लावा. एकाच सभेत दोघांना बसवलं तर बोलणार कोण, हे सांगायला नको.

कागदावरचे नकाशे बाहेर काढू नका. पोतंभर फक्की आणा आणि मांडव जमिनीवर खऱ्या मापाने आखा: सहा बाय नऊ. खांबांच्या जागी माणसं उभी करा, हातात सहा फुटी काठ्या द्या. लोक त्या आखणीत चालतात, बसतात, हातवारे करून दार सरकवतात. ‘इथून व्हीलचेअर वळणार नाही’ हे नकाशा बघून कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही, फक्कीवर मात्र पहिल्या पाच मिनिटांत कळतं. रेघ पुसायला पायाचा अंगठा पुरतो. म्हणून लोकही न घाबरता पुसतात.

दोन दिवस ती आखणी तशीच राहू द्या. सभेला न आलेले येता-जाता बघतात आणि तुम्हाला रस्त्यात गाठून आक्षेप सांगतात. हे आक्षेप सभेतल्या टाळ्यांपेक्षा मोलाचे.

तपासणी: वहीत नोंदलेल्या प्रत्येक वापराला नव्या आखणीत जागा आहे का, किंवा पर्याय ठरला आहे का? एकही सुटला असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: अर्ज आणि पोच

मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक शहरी भागाला डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर ही एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे. तात्पुरत्या बांधकामाची तरतूद तीत वेगळी आहे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा की बांधकाम विभागात, हे प्रत्येक शहरात वेगळं असतं, आधी चौकशी करा. सोबत मालकाचा करार, प्रॉपर्टी कार्ड, जागेचा नकाशा, मांडवाचं रेखाचित्र, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि उतरवण्याची तारीख. विनापरवाना काम केलंत तर १९६६ च्या नगररचना कायद्याखाली नोटीस येऊ शकते, आणि ती मालकाच्या नावानेही येते.

अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, तात्पुरती वीजजोडणी, कार्यक्रमाला ध्वनिक्षेपक असेल तर पोलिसांची परवानगी, हे वेगळे अर्ज. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, तो नियम देशभर २००० सालापासून आहे. प्लॉटवर झाड असेल तर फांदी छाटायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाडाला खिळा ठोकणं किंवा ताण बांधणं तर आपल्या कामात बसतच नाही.

प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘साहेब आले की ठेवतो’ म्हणून घेतलेला अर्ज आला होता याचा पुरावा तुमच्याकडे राहत नाही.

## टप्पा ६: वाऱ्याचं गणित

‘मांडव उडाला’ असं म्हणतात ते शब्दशः खरं असतं. लोकांना वाटतं मांडव कोसळतो. प्रत्यक्षात वारा छताखाली शिरून तो आधी वर उचलतो, मग टाकतो. त्यामुळे प्रश्न खांब किती जाड हा नसतो, खांब खाली किती घट्ट धरलाय हा असतो.

आकडा काढणं अवघड नाही. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये येतं, त्याला दहाने भागलं की ढोबळ किलो. ताशी ७२ किलोमीटरचा झोत म्हणजे सेकंदाला २० मीटर. ०.६ × २० × २० = २४०, म्हणजे चौरस मीटरला २४ किलो. आपलं छत ५४ चौरस मीटर. सलग ताडपत्री घातलीत तर वरच्या दिशेने सुमारे १,३०० किलोची ओढ बसू शकते. पूर्ण बांबूचा सांगाडा याच्या निम्मासुद्धा भरत नाही. आणि वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते. वाऱ्याच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, पुण्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईचा ४४ आहे. म्हणून अंतिम हिशेब इंजिनिअरनेच करायचा. वरचा ढोबळ आकडा तुमच्या डोक्यात असावा एवढ्यासाठी दिला.

यावर तीन उपाय, आणि तिन्ही एकदम करायचे.

पहिला, वजन. प्रत्येक खांबाच्या बुडाशी ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा वेल्डमेशचा (लोखंडी जाळीचा) पिंजरा करा आणि साफसफाईत निघालेला दगड-विटांचा राडारोडा त्यात भरा. एक पिंजरा पावणेतीनशे ते सव्वातीनशे किलो भरतो. सहा मिळून १,६०० च्या वर. कोपऱ्यांवर ओढ जास्त बसते, म्हणून तिथले चार पिंजरे थोडे मोठे ठेवा. इथे हमखास होणारी चूक: खांब मध्ये उभा करून भोवती नुसता दगड भरणं. वारा आला की खांब उसाच्या कांडीसारखा वर उपसून येतो, दगड जागेवर राहतात. खांबाच्या बुडाशी, पिंजऱ्याच्या तळाजवळ, दोन आडव्या बांबूंची फुली घट्ट बांधा आणि तिच्यावर दगड भरा. आता खांब वर यायचा तर सगळे दगड उचलून यावं लागेल.

दुसरा, छताला फटी. डिसेंबर ते एप्रिल आपल्याला पाऊस अडवायचा नाही, ऊन अडवायचं आहे. मग ताडपत्री कशाला? जाड मांजरपाटाच्या साधारण ९० सेंटिमीटर रुंद पट्ट्या घ्या आणि दोन पट्ट्यांत वीतभर फट सोडा. वारा निघून जातो, सावली राहते. पट्ट्या शिवायचं काम गल्लीतल्या शिलाई मशीनवाल्या बायका सभागृहात बसलेल्या कुठल्याही समितीपेक्षा लवकर आणि नीट करतात. त्याचे पैसे द्या. शेडनेट किंवा पॉलिस्टर स्वस्त पडतं, पण आग लागली तर वितळून खाली बसलेल्यांच्या अंगावर ठिबकतं. मंडपांसाठीच्या अग्निसुरक्षेचं मानक आयएस ८७५८ आहे. अग्निशमन दलाकडे जाण्याआधी इंजिनिअरला ते वाचायला सांगा. सुती कापडालाही अग्निरोधक द्रावण लावून घ्या.

तिसरा, उतरणारं कापड. प्रत्येक पट्टी सरकगाठीने बांधा, एक टोक ओढलं की सुटेल अशी. गाठी खालून हाताला येतील अशा ठेवा. आठ-दहा माणसांना तालीम द्या आणि घड्याळ लावा.

तपासणी: संपूर्ण कापड दहा मिनिटांत खाली येतं का? येत नसेल तर गाठी बदला. तालमीत जमलं नाही ते वळवात जमणार नाही.

## टप्पा ७: बांबू

मानवेल किंवा कोकणातला माणगा. दोन्ही जवळजवळ भरीव असतात आणि भाराला चांगले. पुण्यात बुरूड आळीत विचारा, बुरूड कारागिराला सोबत घेऊन जा आणि त्याच्या डोळ्यावर विश्वास ठेवा. हिरवागार, अंगावर पांढरी भुकटी असलेला बांबू कोवळा असतो, तो नको. तीन वर्षांपुढचा बांबू निस्तेज दिसतो आणि बोटांनी वाजवला तर टणक वाजतो. बुडाशी पिठासारखा भुसा पडत असेल तर आत भुंगा आहे.

खांबाला एक जाड बांबू शोधू नका, चार बांबूंची जुडी करा. त्यातला एक चिरला तरी तीन उभे असतात. कापताना पेराच्या लगेच पुढे कापा, म्हणजे टोक बंद राहतं आणि फाटत नाही. खिळा मारायचा नाही, बांबू उभा चिरतो. बोल्ट हवाच असेल तर आधी ड्रिल, आणि तोही पेराजवळ. बाकी सगळी बांधणी सुंभाची किंवा काथ्याची.

बांबू जमिनीला टेकवू नका. खाली शहाबादी फरशीचा तुकडा द्या. मातीत गेलेला बांबू ओल आणि वाळवी दोन्ही बोलावतो. सामान पुढच्या वर्षी पुन्हा वापरायचं असेल तर बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवून घ्या. एकाच मोसमासाठी भाड्याने घेत असाल तर त्याची गरज नाही.

## टप्पा ८: उभारणी

उंचीवरचं काम मांडवाच्या कसबी माणसांनी, सुरक्षेचा पट्टा लावून, रोजंदारी घेऊन करायचं. सहभागाचं काम म्हणजे फुकटची मजुरी नव्हे, आणि हौशी माणसाला शिडीवर चढवण्याची जागाही नव्हे. सार्वजनिक दायित्वाचा विमा उभारणीच्या पहिल्या दिवसापासून काढा.

क्रम असा:

1. लाइनदोरी आणि गुण्याने खांबांच्या जागा पक्क्या करा. दोन्ही कर्ण मोजा. सहा बाय नऊला ते १०.८२ मीटर यायला हवेत. दोन्ही सारखे आले नाहीत तर चौकट तिरकी आहे.
2. दोन खांब आणि त्यांवरची कैची अशी एकेक चौकट जमिनीवर झोपवून बांधा. इथे सगळ्यांचे हात लागतात, बांधणी शिकायची जागा हीच. अशा तीन चौकटी.
3. पहिली चौकट उभी करा, दोन्ही बाजूंनी टेकू द्या, ओळंबा धरा. पिंजरे भरा. मगच दुसरी.
4. तिन्ही चौकटी आडव्या वाशांनी जोडा.
5. तिरपे (चौकट तिरकी होऊ न देणारे तिरके बांबू) बांधा, लांबीच्या दोन्ही बाजूंना आणि छताच्या पातळीत.
6. टेकू काढा, खांबाला खांदा लावून हलवून पाहा.
7. शेवटी कापड.

पाचवा आणि सातवा क्रमांक उलटा होणं, ही सगळ्यात महाग चूक. संध्याकाळी उद्घाटन आहे, पाहुणे निघालेत, म्हणून तिरपे ‘उद्या बांधू’ म्हणतात आणि कापड चढवतात. तिरप्यांशिवाय चौकोन म्हणजे पत्त्यांचा बंगला.

चौकट उचलताना बाकी सगळे दोरीच्या पलीकडे, चौकटीच्या उंचीच्या दुपटीइतके लांब. आत-बाहेर करायला दोन वाटा ठेवा, प्रत्येक किमान दीड मीटर रुंद, आणि त्यांच्यात चपलांचा ढीग साठू देऊ नका.

तपासणी: आठवड्याने सगळी बांधणी हाताने ओढून पाहा. बांबू वाळताना आकसतो आणि सुंभ सैल पडतो. महिन्याने पुन्हा. तारीख वहीत लिहा, नाहीतर हे राहून जातं.

## टप्पा ९: चालवणं

उभारणीचे पैसे जमतात. लोक बांबूला देतात, कारण बांबू दिसतो. झाडूला, वीजबिलाला आणि रात्रीच्या राखणदाराला कोणी देत नाही. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये भूकंपानंतर रिकाम्या झालेल्या जागेवर स्वयंसेवकांनी तीन हजारांहून जास्त लाकडी पॅलेटचा एक मंडप उभा केला होता. तो २०१२ च्या डिसेंबरात सुरू झाला, एका उन्हाळ्यासाठी. लोकांना तो पुढेही हवा होता, म्हणून वर्गणी करावी लागली: ८० हजार डॉलर, आणि तीही नव्या बांधकामासाठी नव्हे, आहे ते आणखी एक वर्ष चालू ठेवण्यासाठी. तेव्हा पैशाचे तीन डबे पहिल्या दिवसापासून वेगळे करा: उभारणी, चालवणं, उतरवणं. तिसरा डबा सगळ्यात आधी भरा आणि दोन सह्यांशिवाय उघडू नका.

किल्ली कोणाकडे, हे दर आठवड्याला बदला आणि फळ्यावर लिहा. जानेवारीत हळदीकुंकू, मार्चमध्ये दहावीची पोरं, हे आपोआप येतं. फक्त आत चूल, शेगडी, फटाके आणि रात्रभर जळणारा दिवा नाही. वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक कुठे आहेत ते मुलांनाही माहीत हवं.

## टप्पा १०: उतरवणं

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोणीतरी म्हणेल, ‘एवढं छान चाललंय, राहू दे की.’ त्या दिवशी कराराची प्रत वाचून दाखवा. मुदत वाढवायची असेल तर नवा करार, नवा अर्ज आणि पावसाळ्याला टिकणारं नवं डिझाइन लागेल. जुनाच मांडव जूनपर्यंत ओढायचा नाही.

उतरवण्याचा क्रम उभारणीच्या बरोबर उलटा: कापड, मग टेकू लावून तिरपे, आडवे वासे, शेवटी एकेक चौकट. टेकू न लावता तिरपे सोडणं हा अपघात मी दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा नशिबाने खाली कोणी नव्हतं. कोणता बांबू कोणाकडे जाणार हे आधी लिहून ठेवा, नाहीतर त्या दिवशी वाटणीवरून भांडण ठरलेलं. पिंजऱ्यातला राडारोडा पालिकेच्या बांधकाम कचरा संकलनाला द्या, पुन्हा प्लॉटवर ओतू नका. सुंभाचे आणि सुतळीचे तुकडे वेचायला अर्धा दिवस वेगळा धरा. मग चार कोपऱ्यांच्या खुणांवर उभं राहून फोटो काढा, तुमच्याकडची चावी मालकाला द्या आणि ‘जागा मोकळी मिळाली’ असं त्याच्या सहीने, तारखेसह लिहून घ्या.